संगणक-प्रमाणन परीक्षांतील गैरप्रकार व त्यांचा प्रतिबंध

संगणकाच्या वापराचे किंवा संगणक-व्यवसायातील विशिष्ट कामाचे कौशल्य अंगी असल्याचा दाखला देणाऱ्या परीक्षांत लबाडीने यश मिळविण्याचे प्रकार आणि ते रोखण्यासाठी योजिलेले शैक्षणिक, तांत्रिक, प्रशासकीय व वैधानिक उपाय. विद्यापीठाची पदवी काही वर्षांच्या अध्ययनाचे फलित असते. प्रमाणन परीक्षा मात्र बहुधा एक ते तीन तासांची असते आणि तिच्यामागे वर्गातील उपस्थिती, चाचण्या किंवा शिक्षकांचा परिचय यांपैकी कशाचेही पाठबळ असतेच असे नाही. त्यामुळे त्या एका बैठकीची विश्वसनीयता गेली, की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. रुग्णालयाची नोंदप्रणाली किंवा बँकेचे संगणक-जाळे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने पाठ केलेल्या उत्तरांच्या बळावर प्रमाणपत्र मिळविले असेल, तर त्याचे परिणाम परीक्षाकेंद्रात दिसत नाहीत. ते प्रणाली बंद पडते त्या दिवशी रुग्णांना आणि खातेदारांना भोगावे लागतात. दुसरी हानी प्रामाणिक परीक्षार्थीची होते. एखाद्या जिल्ह्यातील प्रमाणपत्रांविषयी संशय निर्माण झाला, की नोकरी देणारा खऱ्या-खोट्याची निवड करीत बसत नाही. तो त्या जिल्ह्यालाच वगळतो.

मराठीत ‘कॉपी’ या इंग्रजी शब्दाला नक्कल किंवा प्रत हा मूळ अर्थ फारसा उरलेला नाही. परीक्षेच्या संदर्भात तो लबाडीचाच वाचक झाला आहे. शब्दाचा अर्थ असा आकुंचित व्हावा, यावरून या प्रकाराचा समाजातील परिचय किती जुना आहे हे लक्षात येते.

महाराष्ट्रातील संगणक-प्रमाणन : महाराष्ट्र नागरी सेवेतील कर्मचाऱ्यांना संगणक हाताळणीचे ज्ञान आवश्यक ठरविणारे नियम १९९९ मध्ये करण्यात आले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला व त्याच्या परीक्षेचे प्रमाणपत्र प्रारंभी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडून दिले जाई. शासकीय कर्मचाऱ्यांना ही अर्हता मिळविण्यासाठी वाढवून दिलेली मुदत ३१ डिसेंबर २००७ रोजी संपली. त्या मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांच्या वेतनवाढी रोखण्याचे व दिलेल्या वाढी वसूल करण्याचे प्रश्न पुढे अनेक वर्षे चालू राहिले. परभणी जिल्ह्यात जिंतूर, सेलू, गंगाखेड यांसारख्या तालुक्याच्या गावी संगणक-प्रशिक्षण केंद्रे निघाली ती या मागणीमुळे. पन्नाशीकडे झुकलेला प्राथमिक शिक्षक आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी एकाच केंद्रात शेजारी बसून परीक्षा देत. त्यांपैकी एकाची वेतनवाढ आणि दुसरीची पहिली नोकरी त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असे. गैरप्रकाराचा मोह कोठून येतो हे समजण्यास एवढे पुरे आहे.

टंकलेखनाचे शासकीय वाणिज्य प्रमाणपत्रही आता संगणकावरील परीक्षेद्वारा दिले जाते. ती परीक्षा पुणे येथील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० व इंग्रजीत ४० शब्दांची गती लागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने मात्र या पदासाठी केवळ प्रमाणपत्रावर न थांबता उमेदवारांची स्वतःची टंकलेखन कौशल्य चाचणी घेण्यास सुरुवात केली आहे. प्रमाणपत्राची फेरतपासणी प्रत्यक्ष कामाच्या नमुन्याने करणे, हा गैरप्रकारावरील सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय होय.

खाजगी उत्पादकांच्या प्रमाणन परीक्षा हा दुसरा प्रवाह आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९२ मध्ये व सिस्को कंपनीने १९९३ मध्ये आपापल्या प्रणालींवरील तज्ञांसाठी अशा परीक्षा सुरू केल्या. जगभर पसरलेल्या परीक्षाकेंद्रांतून त्या वर्षभर घेतल्या जातात. एकाच दिवशी सर्वत्र होणाऱ्या शालान्त परीक्षेहून हा महत्त्वाचा भेद आहे : येथे आज परीक्षा दिलेला मनुष्य उद्या परीक्षा देणाऱ्याला प्रश्न सांगू शकतो.

गैरप्रकारांचे स्वरूप : जुने प्रकार, म्हणजे चिठ्ठ्या, शेजाऱ्याची उत्तरे पाहणे, पर्यवेक्षकाने उत्तर सांगणे, हे संगणकीय परीक्षेत नष्ट झाले नाहीत. त्यांत चार नव्या प्रकारांची भर पडली.

पहिला, प्रश्नपेढीची चोरी. परीक्षार्थी ठरावीक प्रश्न लक्षात ठेवून बाहेर येतात, त्यांचे संकलन होते आणि ‘हमखास उत्तीर्ण’ अशा जाहिरातीने ते विकले जाते. हे नुसते नीतिबाह्य नाही. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न विकणाऱ्या अमेरिकेतील एका इसमाने २००२ मध्ये व्यापारी गुपितांच्या चोरीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला होता.

दुसरा प्रकार तोतया परीक्षार्थीचा. मध्य प्रदेशातील व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, म्हणजे व्यापम्‌च्या, २०१३ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात याच्या जोडीला ‘इंजिन-डबा’ पद्धत चर्चेत आली : हुशार मनुष्य ‘इंजिन’ म्हणून पुढे आणि पैसे भरलेले परीक्षार्थी ‘डबे’ म्हणून मागे बसतील, अशा रीतीने आसनक्रमांक ठरविले जात.

तिसरा प्रकार दूरनियंत्रणाचा. परीक्षार्थी संगणकासमोर नुसता बसून राहतो आणि त्याचा पडदा दुसऱ्या ठिकाणचा मनुष्य हाताळतो. २०२१ च्या संयुक्त प्रवेश परीक्षेत (मुख्य) हरियाणातील सोनीपत येथील केंद्रात असे घडल्याचा आरोप केंद्रीय अन्वेषण विभागाने ठेवला असून, परीक्षा-प्रणालीत शिरकाव करून देण्याच्या संशयावरून २०२२ मध्ये एका रशियन नागरिकाला अटक झाली.

चौथा प्रकार सर्वांत गंभीर, कारण तेथे परीक्षागृहातील कोणतीही दक्षता कामी येत नाही. परीक्षा निर्दोष पार पडते व नंतर गुणांच्या नोंदी बदलल्या जातात. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षेचा तपास पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ पासून केला; अपात्र असता पात्र ठरविले गेल्याच्या कारणावरून ७,८८० परीक्षार्थींवर परीक्षा परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये कारवाई केली. दारावरच्या पहाऱ्याने कोठारातील चोरी थांबत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

प्रतिबंधक उपाय : प्रतिबंधाचा आरंभ प्रश्नरचनेपासून होतो. पन्नास प्रश्नांची परीक्षा पन्नासच प्रश्नांच्या संचातून घेतली, तर पहिल्या परीक्षार्थीबरोबरच ती फुटते. पाचशे प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येकाला यदृच्छेने पन्नास प्रश्न दिले, तर कोणत्याही दोघांना सरासरीने पाचच प्रश्न समान येतात. मात्र पेढीतील प्रश्नांची काठिण्यपातळी आधी ठरविलेली असावी लागते; अन्यथा एकाला सोपा व दुसऱ्याला अवघड संच मिळून सुरक्षिततेच्या नावाखाली अन्याय होतो. प्रत्येक प्रश्न किती वेळा वापरला गेला याची नोंद ठेवून तो ठरावीक मर्यादेनंतर बाद करणे, आणि जो प्रश्न अचानक सर्वांना सोपा जाऊ लागला तो फुटला असावा असे समजून त्याची तपासणी करणे, हेही आवश्यक असते.

अधिक मूलगामी उपाय प्रात्यक्षिक परीक्षेचा. सिस्कोच्या सर्वोच्च प्रमाणपत्रासाठी आठ तासांची प्रयोगशाळेतील परीक्षा असते. रेड हॅट कंपनीच्या अभियंता-परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न नसून चालू संगणकावर कामे करून दाखवावी लागतात. पाठांतराने येथे निभावत नाही. जो प्रश्न आधी कळला तरी सोडविण्यासाठी कौशल्यच लागते, तो फुटण्याचे भय फारसे नसते. अशी परीक्षा खर्चिक असते आणि तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते, ही तिची मर्यादा होय.

केंद्राच्या व्यवस्थेत ओळखपत्राची तपासणी, छायाचित्र व बोटांचे ठसे, भ्रमणध्वनी बाहेर ठेवणे, ऐनवेळी ठरणारे आसन, दृक्‌ध्वनिमुद्रण आणि परीक्षेच्या संगणकाचा बाह्य जाळ्याशी अनावश्यक संबंध तोडणे, या गोष्टी येतात. यांपेक्षा महत्त्वाची, पण बहुधा दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे हितसंबंधांची फारकत. प्रशिक्षण देणारी संस्थाच परीक्षाकेंद्र असेल आणि तिची पुढील वर्षाची प्रवेशसंख्या यंदाच्या निकालावर ठरत असेल, तर तिच्याकडून कठोर पर्यवेक्षणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. मराठवाड्यातील शालान्त परीक्षांचा अनुभव हेच सांगतो. २०१० च्या सुमारास नांदेड येथे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या पुढाकाराने राबविलेल्या कॉपीमुक्त अभियानात शाळेबाहेरील अधिकाऱ्यांची बैठी पथके व चित्रीकरण यांवर भर होता. ही कल्पना पुढे राज्यातील इतर जिल्ह्यांतही पोहोचली. २०२५ च्या मंडळ-परीक्षांत संवेदनशील केंद्रांवर ड्रोनद्वारे देखरेखीचा उपयोग करण्यात आला. साधने बदलली, तरी पर्यवेक्षक बाहेरचा असावा, हे तत्त्व कायम राहिले.

गुणांच्या नोंदींचे रक्षण हा स्वतंत्र भाग आहे. परीक्षार्थीला त्याच्या उत्तरांची प्रत लगेच देणे, उत्तरसूची जाहीर करून हरकती मागविणे, नोंदींतील प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची न पुसता येणारी नोंद ठेवणे आणि मूळ माहितीची प्रत परीक्षा घेणाऱ्या कंपनीव्यतिरिक्त दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात ठेवणे, हे त्याचे प्रमुख मार्ग होत.

सांख्यिकीय शोध व त्याच्या मर्यादा : दोन परीक्षार्थींची बरोबर उत्तरे जुळणे स्वाभाविक असते; चुका जुळणे संशयास्पद मानले जाते. चार पर्यायांच्या प्रश्नात तीन पर्याय चुकीचे असतात. ते सारखेच आकर्षक आहेत असे मानल्यास दोघांची चूक एकच असण्याची संभाव्यता एक-तृतीयांश येते, आणि दोघांनी चुकविलेल्या दहाही प्रश्नांत तसे होण्याची संभाव्यता ५९,०४९ मध्ये एक इतकी अल्प ठरते. एवढ्यावरून दोषी ठरविण्याचा मोह होतो. परंतु ५०० परीक्षार्थींच्या १,२४,७५० जोड्या होतात; प्रत्येक जोडीत अशा दहा समाईक चुका आहेत असे धरले, तर निव्वळ योगायोगानेही दोन जोड्या पूर्णपणे जुळणे अपेक्षित असते. शिवाय चुकीचे पर्याय सारखे आकर्षक कधीच नसतात आणि एकाच शिक्षकाने चुकीचे शिकविलेला वर्ग एकच चूक करतो. म्हणून उत्तरांतील साम्याला आसनांची जवळीक, उत्तरास लागलेला वेळ किंवा चित्रीकरण यांची जोड मिळाल्याशिवाय कारवाई करणे योग्य ठरत नाही. लांबलचक प्रश्न वाचून होण्यापूर्वीच बरोबर उत्तर देणारा परीक्षार्थी मात्र चौकशीस पात्र ठरतो.

गणिती प्रक्रियेचा अर्थ न समजल्याने उलटा संशयही निर्माण होतो. २०२३ च्या तलाठी भरती परीक्षेस साडेआठ लाखांवर उमेदवार ५७ सत्रांत बसले. जानेवारी २०२४ मध्ये गुण जाहीर झाले, तेव्हा २०० पैकी २१४ गुण मिळालेला उमेदवार आढळून राज्यभर गदारोळ उडाला. वेगवेगळ्या सत्रांतील प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी नसल्यामुळे गुणांचे समानीकरण केले जाते व अवघड सत्रातील उच्च गुण त्यात कमाल गुणांच्या पलीकडे जाऊ शकतात. समानीकृत आकड्याला ‘गुण’ हेच नाव ठेवले नसते आणि त्याची रीत आधी सोप्या शब्दांत सांगितली असती, तर हा गोंधळ बराच टळला असता. गैरप्रकार झाला नाही एवढे पुरत नाही; तो झाला नाही हे परीक्षार्थीला पडताळून पाहता आले पाहिजे.

वैधानिक तरतुदी : महाराष्ट्रात विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम १९८२ मध्ये संमत झाला. केंद्र शासनाचा सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) अधिनियम, २०२४ हा २१ जून २०२४ पासून अंमलात आला. त्यात तीन ते पाच वर्षांचा कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड, संघटित गुन्ह्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास व किमान एक कोटी रुपये दंड अशी तरतूद आहे. त्याचा रोख परीक्षार्थीपेक्षा प्रश्न फोडणाऱ्या टोळ्या व परीक्षा घेणाऱ्या सेवापुरवठादार कंपन्या यांच्यावर आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु तो केंद्रीय लोकसेवा आयोग, रेल्वे, बँका, राष्ट्रीय चाचणी संस्था इत्यादींच्या परीक्षांना लागू आहे. खाजगी प्रमाणन परीक्षा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे परीक्षार्थीने स्वीकारलेला गोपनीयतेचा करार, प्रश्नांवरील स्वामित्व हक्क आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६ घ यांचाच आधार घ्यावा लागतो. प्रमाणपत्र रद्द करणे व पुन्हा परीक्षेस बसू न देणे, हीच तेथील नेहमीची शिक्षा असते.

केंद्राचे अंतर व घरून परीक्षा : कडक बंदोबस्ताची केंद्रे मोठ्या शहरांत एकवटतात. परभणी हे मनमाड-काचीगुडा मार्गावरील रेल्वे जंक्शन असले, तरी जिंतूरसारख्या रेल्वे नसलेल्या तालुक्यातील परीक्षार्थीला सकाळच्या सत्रासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठायचे, तर आदल्या दिवशीच निघावे लागते. मुलीबरोबर बहुधा घरचे कोणीतरी असते व खर्च दुप्पट होतो. सुरक्षिततेची ही किंमत परीक्षाशुल्काच्या आकड्यात दिसत नाही. यावर उपाय म्हणून घरून परीक्षा देण्याची पद्धत पुढे आली व २०२० मधील कोविड-१९ च्या साथीनंतर तिचा प्रसार झाला. तीत दूरवरचा पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून परीक्षार्थीवर व त्याच्या खोलीवर लक्ष ठेवतो. त्यासाठी बंद दाराची स्वतंत्र खोली, अखंड वीज आणि न तुटणारी जोडणी लागते. दोन खोल्यांच्या घरात आई पाण्याची घागर घेऊन मागून गेली किंवा मध्येच वीज गेली, तरी परीक्षा थांबविली जाऊ शकते. अशा वेळी यंत्राने दाखविलेल्या संशयाची मनुष्याकडून तपासणी, परीक्षार्थीला लेखी कारण, बाजू मांडण्यास मुदत आणि दोष सिद्ध न झाल्यास विनाशुल्क फेरपरीक्षा, एवढ्या गोष्टी नियमातच असाव्या लागतात. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बाहेरच्या पर्यवेक्षकासह सामाईक परीक्षाकक्ष ठेवणे, हा या दोहोंमधला मार्ग होय. त्यात परीक्षार्थीचा प्रवास वाचतो आणि खोली, वीज व जोडणी यांची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही.