फडणवीस आडनावाचं दिल्लीशी जुनं नातं

दिल्लीतल्या द्वारकेत सोसायटीच्या गेटवर ‘फडणवीस’ असं आडनाव सांगितलं, की रजिस्टरमध्ये ते हमखास वेगळंच उतरतं. कधी ‘फरनवीस’, कधी ‘फडनिश’. मग घरातली मुलं कुरकुरतात, “आपलं आडनाव इतकं अवघड का?” त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा या दिल्लीतच सापडतो.

फारसीत ‘फर्द’ म्हणजे यादी किंवा हिशेबाचा कागद आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. या फर्दनवीसचा मराठीत फडणवीस झाला, बोलताना फडणीस. सरकारी जमाखर्चाचं दफ्तर सांभाळणारा हा अधिकारी. उत्तरेत कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याला ‘अर्जीनवीस’ म्हणतात, त्यातला ‘नवीस’ हाच.

म्हणजे फडणवीस हा मुळात हुद्दा. सर्वांत प्रसिद्ध फडणवीस म्हणजे नाना (१७४२–१८००). त्यांचं नाव बाळाजी जनार्दन आणि मूळ आडनाव भानू. हे घराणं कोकणातल्या वेळासचं. श्रीवर्धनच्या भट घराण्याशी त्यांचा घरोबा होता. त्या घरातले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले आणि फडणिशी भानूंकडे आली.

पुढे पेशवे फौज घेऊन दिल्लीला आले. १७१९ मध्ये शहरात दंगल उसळली आणि शेकडो मराठे मारले गेले. त्यांत बाळाजी महादेव भानूही होते, नानांचे आजोबा. त्या स्वारीतून पेशव्यांनी चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या. भानू मात्र घरी परतले नाहीत. हुद्दा घराण्यात राहिला, पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि ‘भानू’ मागे पडून लोक त्यांना फडणवीस म्हणूनच ओळखू लागले.

असं अनेक घरांत झालं. चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारे ते चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारे पारसनीस, खजिन्याचा हिशेब ठेवणारे पोतनीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं मूळ आडनाव चित्रे. राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी वाकनिसाला मंत्री आणि सुरनिसाला सचिव अशी संस्कृत पदनामं दिली, तरी ‘नीस’वाली आडनावं टिकली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, दफ्तरं बंद झाली, पण दारावरच्या पाट्या राहिल्या. इंग्रजांतलं ‘क्लार्क’ हे आडनावही असंच लेखनिकाच्या कामावरून आलेलं आहे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एकाच हुद्द्यावर वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या घरांतली माणसं होती. त्यामुळे दोन फडणवीस किंवा दोन चिटणीस एकाच कुळातले असतीलच असं नाही. लग्नाच्या बोलण्यात नुसतं आडनाव ऐकून “अरे, आपलेच की!” म्हणण्याआधी मूळ आडनाव, मूळ गाव, कुलदैवत आणि गोत्र विचारलेलं बरं.

ही माहिती बहुतेक घरांत कागदावर नसते, आजी-आजोबांच्या तोंडी असते. गाव सुटून तीन पिढ्या झाल्या की तीही विरते. तेव्हा आज संध्याकाळीच आजीला फोन लावा. “आपलं आधीचं आडनाव काय होतं?” एवढंच विचारा आणि ती सांगेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गेटवरच्या रजिस्टरमध्ये आडनाव चुकलं तरी चालेल, घरातल्या वहीत ते बरोबर असायला हवं.