वस्तूची नोंद कुणी करायची?

तर मंडळी, स्प्रिंगने एखादी वस्तू सांभाळावी, तिला ते ‘बीन’ म्हणतात, तर तिची नोंद कुठे लिहायची? २००४ च्या पहिल्या आवृत्तीत ती एक्सएमएल फाइलीत लिहीत. २००७ च्या २.५ मध्ये क्लासवरच ‘कंपोनंट’ हे ॲनोटेशन लावता येऊ लागलं. २००९ च्या ३.० मध्ये कॉन्फिगरेशन क्लासमधल्या ‘बीन’ मेथडी आल्या.

मीमांसक ज्ञानाचं प्रामाण्य स्वतः मानतात, नैयायिक परतः. उपमा फार ताणू नका, पण कंपोनंट हे स्वतः, बीन मेथड हे परतः.

आपणच लिहिलेला, एकच वस्तू लागणारा क्लास असेल तर कंपोनंट लावा आणि मोकळे व्हा. तिथे मेथडी लिहीत बसणं मला उगाचचं वाटतं. पण क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतला असेल तर त्याच्या कपाळावर तुम्ही काय लिहिणार? तिथे बीन मेथडच.

खरी कसोटी लागते ती एकाच क्लासच्या दोन वस्तू हव्यात तेव्हा. समजा दोन डेटाबेस आहेत: व्यवहारांचा आणि अहवालांचा. दोन डेटासोर्स, म्हणून दोन मेथडी. आता मागणाऱ्याने कोणता हवा ते ‘क्वालिफायर’ने सांगायचं. काहीच सांगितलं नाही आणि नावही जुळलं नाही, तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. हे बरंच म्हणायचं! कारण एकावर ‘प्रायमरी’ लिहून ठेवलंत आणि अहवालाच्या कोडमध्ये क्वालिफायर राहिला, तर कसलीही तक्रार न होता व्यवहारांचाच डेटाबेस हातात येतो, आणि अहवालाच्या जड क्वेऱ्या भर दुपारी त्याच्यावर चालू लागतात.