काच वर का जाईना?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं, की आधी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत येते आणि मग करमाड. शेंद्र्याला २००१ साली स्कोडाचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, तेव्हा बटणानं वरखाली होणारी काच म्हणजे चैन वाटायची. आता ती साध्या गाड्यांतही असते. आणि धुळीच्या दिवसांत कधी कधी रुसूनही बसते!

मित्रांनो, दाराच्या पोटात असतं तरी काय?

विहिरीवरचा रहाट आठवा. दोर गुंडाळला की पोहरा वर येतो. बऱ्याच गाड्यांच्या दारातही तसंच असतं. मोटर एक छोटी चक्री फिरवते, चक्रीवर पोलादी तार गुंडाळली जाते आणि तारेला अडकवलेली काच वर सरकते. मग खाली कशी येते? खेळण्यातली मोटर सेलला जोडा आणि तारांची अदलाबदल करा. मोटर उलटी फिरेल! गाडीतलं बटणही हेच करतं.

खरी गंमत पुढे आहे. मोटर आणि चक्री यांच्यामध्ये आटे पाडलेला दांडा असतो. त्याला 'वर्म गिअर' म्हणतात. हा दांडा दातेरी चाकाला फिरवतो. पण चाक काही दांड्याला फिरवू शकत नाही. म्हणूनच वर गेलेली काच चोरानं हातानं दाबली तरी सहसा खाली येत नाही.

आता बिघाड शोधू. बटण दाबा आणि कान द्या. घर्रर्र आवाज येतो, पण काच हलत नाही? मग तार तुटली असेल किंवा काच धरणारा प्लास्टिकचा तुकडा मोडला असेल. आवाजच नाही? आधी फ्यूज बघा, मग बटण, वायर आणि शेवटी मोटर. काच अगदी हळूहळू चढते? मग खाचेतल्या रबरी पट्टीत धूळ साचली असेल. ती ओल्या फडक्यानं पुसा आणि सिलिकॉनचा फवारा मारा. साधं तेल नको, त्यानं रबर फुगतं.

दार मात्र मोठ्यांनीच उघडायचं, बरं का! दारात एअरबॅग असेल तर काम गॅरेजलाच द्यायचं. नाहीतर आधी बॅटरीची ऋण तार सोडायची, हातमोजे घालायचे आणि काच चिकटपट्टीनं वर बांधून ठेवायची. तुमचं काम टॉर्च धरायचं आणि कुठला स्क्रू कुठला, ते वहीत लिहून ठेवायचं. आतला प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवला नाही, तर पावसाचं पाणी थेट गाडीत येतं!

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जो गिअर चोराला दाद देत नाही, तो लहान मुलालाही देत नाही. काचेत बोटं किंवा मान अडकली, तर हातानं काच मागे ढकलता येत नाही. काही गाड्यांत अडथळा लागताच काच आपोआप खाली येते. पण पुष्कळदा ही सोय फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते. शिवाय बॅटरी सोडून पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत ती सोय नव्यानं चालू करावी लागते.

जुन्या गाड्यांतली काही बटणं नुसती दाबली की काच वर जायची. खिडकीतून डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा त्यावर पडला की झालं! म्हणून आता बहुतेक गाड्यांत काच वर करायला बटण ओढावं लागतं.

तुमच्या गाडीतलं बटण कसं आहे? आजच बघा. आणि मागच्या काचा बंद करणारं कुलूप-बटण ड्रायव्हरशेजारी कुठे आहे, तेही घरच्यांना शोधून दाखवा!