रेडिओलहरींचा नकाशा : एमआरआय तपासणीमागील विज्ञान

खोडाळा परिसरातील कोणाला डॉक्टरांनी 'एमआरआय काढा' असे सांगितले की बहुधा नाशिकची वाट धरावी लागते. मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो आणि यंत्राच्या बोगद्यात बराच वेळ न हलता पडून राहावे लागते. पेशंट हलला की चित्र बिघडते. म्हणून ही तपासणी जलद आणि अचूक होणे हा आपल्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. त्यातील एका अंगाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्या शरीरात भरपूर पाणी असते व पाण्यात हायड्रोजन असतो. यंत्रातील प्रचंड चुंबकामुळे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे चुंबकत्व एका दिशेला लागते. त्यावर रेडिओलहर सोडली की ते ठरावीक कोनात कलते व स्वतः क्षीण संदेश देऊ लागते. त्यावरून संगणक चित्र रचतो. दीड टेस्लाच्या यंत्रात ही लहर सुमारे 64 मेगाहर्ट्झची, तर तीन टेस्लाच्या यंत्रात सुमारे 128 मेगाहर्ट्झची असते. आपण एफएम रेडिओ ऐकतो तो 88 ते 108 मेगाहर्ट्झवर. म्हणजे हे सारे एकाच घराण्यातले!

अडचण अशी की ही लहर शरीरात सर्वत्र सारखी पोहोचत नाही. विहारात कर्णा लावला तर वंदनेचा आवाज एका कोपऱ्यात घुमतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात मंद ऐकू येतो. तसेच येथे घडते. तीन टेस्लाच्या यंत्रात शरीरातील लहरीची लांबी सुमारे 26 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पोटाच्या रुंदीएवढी भरते. त्यामुळे लहरी एकमेकींत मिसळून कोठे जोर वाढतो, कोठे घटतो. जेथे जोर कमी, तेथे निरोगी भागही चित्रात काळवंडलेला दिसू शकतो.

यावर उपाय म्हणजे लहरीच्या जोराचा नकाशा काढणे. 1993 साली मांडलेली एक रीत सोपी आहे. एकदा 60 अंशांचा व एकदा 120 अंशांचा कल देऊन दोन चित्रे घ्यावयाची. दोन्ही कोनांची 'साइन' सारखीच असल्याने, जेथे दोन्ही चित्रे सारखीच उजळ तेथे लहर बरोबर पोहोचली. दुसरे चित्र अधिक उजळ असेल तेथे ती कमी पडली. मंद असेल तेथे जास्त झाली. दहावीचे गणित येथे उपयोगी पडते!

मात्र दोन चित्रांमध्ये चुंबकत्व पूर्ववत होईपर्यंत थांबावे लागते, त्यात वेळ जातो. 2007 मध्ये पूर्ण न थांबता, दोन असमान अंतरांनी लहरी सोडण्याची रीत आली. 2010 मध्ये, ब्लॉख व सीगर्ट यांनी 1940 मध्ये दाखविलेल्या एका परिणामाचा उपयोग करून अधिक भरवशाचे मोजमाप साधले. 2012 च्या आणखी एका रीतीने तर शरीराच्या एका छेदाचा नकाशा सेकंदाच्या आत मिळू लागला. नकाशा हाती आला की लहर जुळवून घेता येते किंवा चित्र दुरुस्त करता येते.

आपल्याच मुंबईत, पवईला, 1984 साली स्थापन झालेली 'समीर' ही सरकारी संस्था आहे. सूक्ष्मलहरी व रेडिओलहरींचे तंत्र हा तिचा विषय. तिने दीड टेस्लाचे स्वदेशी एमआरआय यंत्र विकसित करण्याचे काम हाती घेतले आणि मार्च 2025 मध्ये दिल्लीच्या एम्सशी त्याच्या चाचणीसाठी करार केला. आमच्या भागातील विद्यार्थ्यांनी हे क्षेत्र आपलेही आहे असे समजावे.

ज्या साधनाने पाहावयाचे ते साधनच आधी पारखून घ्यावे, हे या विज्ञानाचे सार होय. परंपरेने आले किंवा थोर माणसाने सांगितले एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. यंत्राबाबतही आम्हांस तेच म्हणावयाचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!