मऊ टिकतं, कठीण झिजतं

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं नाव दूरवर गेलेलं, मग जिल्ह्यातल्या सानगडी गावच्या घरांत ती नसती तरच नवल. दिवाळीच्या आधी माळ्यावरचे गुंड, म्हणजे पितळी हंडे, खाली येतात आणि चिंच-राखेने घासणं सुरू होतं. चिंचेचं आम्ल काळा थर सोडवतं, राख तो घासून नेते. पण नक्षीच्या खोबणीत, कडीच्या सांध्यात बोट शिरत नाही. तिथे आता हातात पेनासारखा धरायचा छोटा ब्लास्टर शिरतो. मागून कॉम्प्रेसरची हवा, मधे बारीक भुकटी आणि टोकाला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र.

ही भुकटी बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे कुरुंदाची असते. बाजारातली भुकटी कारखान्यात बनते; पण निसर्गाने घडवलेला कुरुंद पाहायचा तर लांब जायला नको. शेजारच्या लाखनी तालुक्यात पोहऱ्याजवळच्या अतिप्राचीन खडकांत तो सिलिमनाइटच्या सोबतीने सापडतो. कठीणपणाच्या मोह मापनात हिरा 10, कुरुंद 9, नदीच्या वाळूतलं क्वार्ट्‌झ 7 आणि पितळ तीनच्या आसपास.

आता एक कण घेऊ. व्यास 50 मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या आतबाहेर. घनतेवरून हिशेब केला तर असे सुमारे 38 लाख कण मिळून एक ग्रॅम भरतो! नोझलमधून मिनिटाला सहा ग्रॅम भुकटी सुटली, तरी दर सेकंदाला पावणेचार लाखांहून जास्त घाव बसतात. एकट्या घावाची काय बिशाद? पण त्याची सगळी ताकद टोकदार कोपऱ्यावर एकवटते आणि पितळावर डोळ्याला न दिसणारा ओरखडा उठतो. लाखो ओरखड्यांवरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून चकाकी जाऊन तिथे मखमली, फिकट छटा येते.

मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. काचेवर रबरी चिकटपट्टी लावा, तीतून नाव कापून काढा आणि वरून ब्लास्टर फिरवा. उघडी काच खरवडली जाते, पट्टी मात्र जवळजवळ जशीच्या तशी! गोफणीचा खडा गादीवर आदळावा तसं होतं: रबर दबतं, आघात पोटात घेतं आणि कणाला परत उसळवतं. काचेला दबणं जमत नाही, ती बारीक तडे जाऊन कपच्यांनी उडते. म्हणूनच काचेवर नोझल सरळ धरली की जास्त खोदकाम होतं. पितळ तडकत नाही, ते सरळ माऱ्याने नुसतं चेपतं. नोझल वीस-तीस अंशांवर तिरपी केली की कण छिन्नीसारखे धातू कापत जातात. भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या आहेरावर नाव टाकणारं थरथरतं यंत्र ठिपक्या-ठिपक्यांनी लिहितं. इथे पट्टीत कापता येईल ती वेलबुट्टी उठते.

कणांच्या माऱ्याने कोरायच्या या युक्तीचं पेटंट अमेरिकेतल्या बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 मध्ये घेतलं. 1940 च्या दशकात रॉबर्ट ब्लॅक या दंतवैद्याने तीच दातांसाठी वापरली, किडलेला भाग हवा आणि भुकटीने कोरून काढायला.

एका बाबतीत मात्र हयगय नको. वैनगंगेची वाळू फुकट मिळते म्हणून ती यंत्रात भरू नये. क्वार्ट्‌झ फुटून होणारी धूळ फुफ्फुसात कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो. ब्रिटनने 1949 च्या नियमांनी ओतीव वस्तू साफ करायला अशी वाळू वापरणं बंदच केलं. भुकटी कुरुंदाची असली, तरी काम बंद काचपेटीत, हातमोजे आणि नीट बसणारा मास्क लावूनच करावं, कारण उडणाऱ्या धुळीत धातूही असतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा भुकटीचे गोळे करून नोझल तुंबवतो, तेव्हा कॉम्प्रेसरपुढे पाणी अडवणारा फिल्टर हवाच. आणि गुंडाच्या आतली कल्हई या माऱ्यापुढे टिकत नाही. नक्षी बाहेरूनच उजळावी; आत चुकून फवारा गेलाच, तर पुन्हा कल्हई केल्याशिवाय त्या भांड्यात ताक-आमटी ठेवू नये.