पाठीकडे पाहणारे कुणी हवे

सांगलीजवळच्या एका गावातील भरलेले घर. आक्कांचे वय ७८. खुब्याचे हाड मोडले होते आणि प्रकृतीमुळे शस्त्रक्रिया करता आली नव्हती. अंथरुणाला खिळून सात आठवडे झाले होते. सून रोज अंग पुसून केस विंचरी, मुलगा औषधांच्या वेळा पाळी, पाहुणे पायाशी बसून विचारपूस करीत. खोलीत कोंदलेला वास जावा म्हणून उदबत्ती लावलेली असे. परिचारिका म्हणून मी प्रथम त्या घरी गेले, आक्कांना कुशीवर वळवले आणि वस्त्र बाजूला केले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. मध्ये काळे पडलेले मृत मांस, कडेने पू. सून मटकन खाली बसली. “मी रोज अंग पुसत होते हो,” एवढेच ती म्हणू शकली.

ती खोटे बोलत नव्हती. वळवले की आक्का कळवळत, म्हणून मायेपोटीच सर्वांनी त्यांना उताणे ठेवले होते. पाठ मात्र कुणी पाहिली नव्हती.

ज्याला आपण बेडसोअर म्हणतो, तो शय्याव्रण असाच होतो. आतले हाड आणि खालचे अंथरूण यांच्यामध्ये त्वचा व मांस दाबले जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्त न पोचलेला भाग मरू लागतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो; पक्षाघात झालेल्या, बेशुद्ध किंवा अतिशय अशक्त रुग्णाला ते जमत नाही. अनेकदा इजा आत, हाडाजवळ सुरू होते. म्हणून वर रुपयाएवढी दिसणारी जखम आत वाटीएवढी पोकळ असू शकते.

हे दुखणे अटळ आहे असे एके काळी डॉक्टरही मानीत. पाठीच्या कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक पहिल्या महायुद्धाच्या काळात शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीच दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यांच्या उपचारातील एक कठोर नियम अगदी साधा होता: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. ज्यांच्या जगण्याची आशा सोडली जात असे, ते जगू लागले. याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये त्यांच्यासाठी भरलेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

तेव्हा पहिले औषध म्हणजे भार काढणे. दर दोन तासांनी उताणे, डावी कूस, उजवी कूस असा क्रम ठेवावा. पूर्ण कुशीवर ठेवल्यास खुब्यावर भार येतो. म्हणून पाठीमागे उशी लावून थोडेसेच, सुमारे ३० अंश, कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला ओढू नये; खालच्या चादरीसह दोघांनी उचलून सरकवावे. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती कूस बदलण्याची जागा घेत नाही. मध्ये भोक असलेली गोल उशी वापरू नये. तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो. लाल झालेल्या जागी मालिशही करू नये.

दिवसातून निदान दोनदा माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांदे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू पाहावी. लाल जागेवर बोट दाबून सोडल्यावरही लाली तशीच राहिली, तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तेथे हाताला लागणारी ऊब, कडकपणा आणि दुखरेपणा ओळखावा. दुसऱ्या पायरीत त्वचा सोलवटते, तिसऱ्या पायरीत जखम चरबीपर्यंत उतरते आणि चौथ्या पायरीत स्नायू किंवा हाड दिसते. शेवटच्या दोन पायऱ्यांवर डॉक्टरांवाचून घरगुती उपचार करीत राहणे धोक्याचे आहे. काळे मृत मांस शल्यचिकित्सकानेच काढावे. घरी ओढून काढू नये. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली तर बहुधा तशीच ठेवतात. ताप, वाढती सूज, नवा दुर्गंध किंवा रुग्णाची भ्रमिष्ट अवस्था दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ड्रेसिंग करण्यापूर्वी, डॉक्टरांनी वेदनाशामक दिले असल्यास, ते अर्धा तास आधी द्यावे. हात साबणाने धुऊन हातमोजे घालावेत. चिकटलेली जुनी पट्टी सलाईनने भिजवून अलगद सोडवावी. जखम नॉर्मल सलाईननेच धुवावी. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डेटॉल ओतल्याने जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या कोवळ्या पेशीही मरतात. हळद, पावडर, खोबरेल तेल जखमेत घालू नये. जखम वाळली म्हणजे बरी झाली, हा समजही सोडावा. ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. पोकळी असल्यास ओलसर गॉज सैलसर भरावा, कोंबू नये. किती तुकडे ठेवले ते लिहावे आणि काढताना मोजावे. फार स्राव असेल तर फोम किंवा अल्जिनेट, कोरडी जखम असेल तर हायड्रोजेल, अशी निवड डॉक्टर करतात. कधी मधाचे ड्रेसिंग सुचवले जाते. मधाचा त्याग असलेल्यांनी तसे निःसंकोच सांगावे. समुद्री शैवालापासून बनणाऱ्या अल्जिनेटसारखे पर्याय आहेत. मलमूत्राने पट्टी खराब झाली, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता ती लगेच बदलावी.

जखम भरते ती अन्नातून. ४५ किलो वजनाच्या रुग्णाला रोज साधारण ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. डाळ, दूध, दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांतून ती मिळू शकतात. रात्रिभोजनाचा त्याग असेल, तर सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. आक्कांना पर्वातले एकाशन सोडवत नव्हते. मी आग्रह केला नाही. उपाशी शरीर जखम भरण्यासाठी स्वतःचेच मांस मोडते, एवढे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुधाचा पेला मागितला.

आक्कांना रुग्णालयात नेऊन मृत मांस काढावे लागले. परतल्यावर भिंतीवर एक तक्ता लागला. पहाटे दोनच्या चौकटीत नातवाची सही असे, चारच्या चौकटीत मुलाची. एकट्या सुनेने हा भार वाहिला असता, तर ती आधी कोसळली असती. आपल्या परंपरेने वैयावृत्त्याला, म्हणजे सेवेला, आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. तप म्हटले की ते घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला टाकून इतरांना मोकळे होता येत नाही.

पाच महिन्यांनी जखम लिंबाएवढी उरली. ती पूर्ण भरली नाही. पुढल्या वर्षी आक्का गेल्या, त्या आपल्या आजाराने. मात्र अखेरचे कित्येक महिने त्यांना ताप नव्हता, ड्रेसिंगच्या वेळी कळवळणे नव्हते आणि त्या खोलीत उदबत्ती केवळ सकाळच्या जापापुरती लागत असे.

आपल्या घरी कुणी अंथरुणावर असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी त्यांची पाठ पाहा.