विश्लेषण : डब्यातले मांस आणि भात... कॅरिबियन बेटांचे स्वस्त जेवण चिरनेरच्या स्वयंपाकघरात कसे जमेल?

जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना ही नावे आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचली. तिथले लोक रोज काय जेवतात, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. महिनाअखेरीस पाकीट हलके झाले किंवा वादळात वीज गेली, की या बेटांवर एक जेवण हमखास होते. डबाबंद खारवलेले मांस कांदा-टोमॅटोत परतायचे आणि वाफाळत्या भातावर घालायचे. वीस मिनिटांत चार-पाच माणसांची सोय होते. उरण तालुक्यातील चिरनेरसारख्या, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या भातखाऊ गावात हाच पदार्थ करायचा झाला तर काय लागेल, कायदा काय सांगतो, आणि मुळात डबा विकत घेण्याची गरज आहे का?

डब्यात नेमके काय असते?

हे मांस म्हणजे ‘कॉर्न्ड बीफ’. यातल्या ‘कॉर्न’चा मक्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द दाण्यासाठी वापरत आणि इथे तो मिठाच्या जाड खड्यांसाठी आला आहे. मिठात मुरवलेले गोमांस शिजवून, दाबून, डब्यात बंद करतात. जमैकात याला ‘बुली बीफ’ म्हणतात. उकडलेल्या मांसासाठीच्या ‘बुई’ या फ्रेंच शब्दावरून ते नाव पडले, असे मानले जाते.

अन्न हवाबंद करून टिकवण्याची पद्धत निकोला आपेर या फ्रेंच माणसाने बसवली आणि त्याबद्दल १८१० मध्ये सरकारकडून १२ हजार फ्रँकचे बक्षीस मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट पीटर ड्युरांडने घेतले. गंमत अशी, की डबा उघडण्याचे खास हत्यार यायला त्यानंतर जवळपास अर्धे शतक लागले. तोपर्यंत छिन्नी आणि हातोडीवर काम चालले. पुढे उरुग्वेतील फ्राय बेंटोस या नदीकाठच्या गावात कॉर्न्ड बीफचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या शिध्यात हाच डबा होता. त्या कारखान्याचा परिसर २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बेटांवर हा डबा कसा रुजला?

कारण उसाचे आहे. कॅरिबियन बेटांवरची चांगली जमीन मळेवाल्यांनी उसाखाली घातली. मजुरांचे अन्न बाहेरून आणणे त्यांना परवडत होते. गुलामगिरीच्या काळात उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून खारवलेला कॉड मासा गलबतांतून येई आणि त्यातही हलक्या प्रतीचा माल गुलामांच्या वाट्याला जाई. आज तोच खारा मासा आणि ॲकी हे फळ मिळून जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ झाला आहे. टिकाऊ, स्वस्त, बाहेरून येणारे मांस-मासे आणि त्याला स्थानिक भाजी-मसाल्याची जोड, ही सवय तेव्हाच पडली होती. डबा आला तो या तयार जागेवर येऊन बसला.

गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर भारतीय गिरमिटिये नेण्यात आले. १८३८ मध्ये पहिली जहाजे गयानाला लागली, १८४५ मध्ये जमैका आणि त्रिनिदादला. ही माणसे मुख्यतः भोजपुरी पट्ट्यातली आणि काही मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर मॉरिशसला उतरले. त्यामुळे कॅरिबियन भातात मराठी हात फारसा नाही, पण भारतीय हात स्पष्ट दिसतो. त्रिनिदादचा ‘पेलाउ’ म्हणजे पुलावाचाच भाऊबंद. रानकोथिंबिरीला तिथे आजही ‘बंधनिया’ म्हणतात, म्हणजे आपली बन-धनिया. मॉरिशसमध्येही टोमॅटो, कांदा आणि थाइम यांच्या रस्त्यात डब्यातली मासळी घालून भातासोबत खातात. त्या रस्त्याला तिथे ‘रुगाय’ म्हणतात.

या डब्याचे आणखी एक कारण हवामानाचे आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात. वीज गेली की फ्रिज बंद, बाजार बंद. अशा वेळी फळीवरचा डबा कामाला येतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना या सवयीचे नवल वाटणार नाही.

महाराष्ट्रात हा डबा चालतो का?

मूळ डबा नाही. भारताच्या आयात धोरणानुसार कोणत्याही स्वरूपातील गोमांस आणि गोमांस असलेले पदार्थ आयात करण्यास बंदी आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, मात्र कत्तलबंदी कायम ठेवली. परदेशातून आणलेल्या डब्याला या निकालाचा उपयोग नाही, कारण तिथे आड येते ती आयातबंदी. आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारा नातेवाईक सुटीवर येताना कौतुकाने खाऊ आणतो, त्यात असा डबा नसावा हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

उरतात ते इथे मिळणारे डबे : ट्यूना, तारली, बांगडा आणि क्वचित चिकन. ही तडजोड म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. जमैकात डब्यातला बांगडा भातावर घेणे बुली बीफइतकेच रोजचे आहे. घेताना तपकिरी त्रिकोणाचे मांसाहारी चिन्ह, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत पाहावी. डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर खोल चेपलेला असेल तर तो चाखूनही पाहू नये. बोट्युलिझमचे विष डब्यासारख्या हवाबंद जागेत तयार होते, ते जीवघेणे असते आणि वास-चवीवरून ओळखता येईलच असे नाही.

मग खरेच स्वस्त पडते का?

इथे हिशेब फिरतो. बेटांवर जो डबा गरिबाचा, तो आपल्याकडे मॉलच्या फळीवरचा. चार जणांना लागणाऱ्या दोन ट्यूना डब्यांच्या पैशांत डझनभर अंडी येऊन वर पैसे उरतात. नुसता पदार्थ उचलला तर ‘बजेट’ हा शब्दच खोटा ठरतो. उचलायची आहे ती त्यामागची युक्ती : टिकणारे प्रथिन थोडे, भाजी भरपूर, भात पोटभर.

आणि ती युक्ती उरण-पनवेल पट्ट्याला कुणी शिकवायला नको. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी आगोट भरण्याची लगबग सुरू होते. बोंबील, सुकट, वाकटी, आंबाड, परवडले तर सोडे. करंजा आणि मोऱ्याच्या बाजूची सुकी मासळी डब्यांत, बरण्यांत भरून ठेवली की आषाढातल्या मुसळधार पावसात बाजाराची वाट बघावी लागत नाही. पत्र्याचा डबा तोच, फक्त झाकण घरचे.

आकडेही सुकटीच्या बाजूचे आहेत. कॉर्न्ड बीफच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिने असतात, तर सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास, कारण त्यातले पाणीच निघून गेलेले असते. दुसरा मुद्दा मिठाचा. बाजारातल्या प्रचलित ३४० ग्रॅमच्या कॉर्न्ड बीफच्या डब्यात सुमारे ७ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. आपल्याकडचे बोंबील वलांडीवर टांगून वाळवतात आणि सुकट उन्हात पसरतात, त्यासाठी सहसा मीठ वापरत नाहीत. रक्तदाब असलेल्या घरात हा फरक लहान नाही. शिवाय प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगास कारणीभूत घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. कधीतरी खाण्याने आभाळ कोसळत नाही, पण आठवड्याला चार वेळा खाण्याचा हा पदार्थ नव्हे.

भाताचा खर्च तर आणखी खाली आणता येतो. प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळते, त्यात तांदूळ असतो. घरचे भात असेल तर प्रश्नच नाही.

साहित्य कुठून आणायचे?

अंगणातून. कॅरिबियन स्वयंपाकाची ओळख असलेला थाइम चिरनेरच्या वाण्याकडे शोधत बसण्याची गरज नाही. त्रिनिदादमध्ये ‘स्पॅनिश थाइम’ किंवा ‘मोठ्या पानांचा थाइम’ म्हणून जे वापरतात ते आपल्याकडच्या कुंडीतला पानओवाच आहे, जवळचा नातेवाईक वगैरे नव्हे, तीच वनस्पती. जिची आपण भजी करतो, ती.

तिथली ‘स्कॉच बॉनेट’ मिरची भयंकर तिखट असते. म्हणून ती चिरत नाहीत. अख्खी मिरची रश्श्यात सोडतात आणि फुटू न देता वाढण्याआधी काढून घेतात. वास उतरतो, आग उतरत नाही. आपली जाड हिरवी मिरची देठासकट तशीच टाकावी. तांदूळ उकडा घ्यावा. गयाना-त्रिनिदादकडेही उकडा तांदूळच जास्त चालतो, दाणा मोकळा राहतो आणि रस्सा पितो.

चार माणसांसाठी कसे करायचे?

दोन वाट्या उकडा तांदूळ धुऊन नेहमीप्रमाणे मोकळा शिजवून घ्यावा. कढईत दोन चमचे तेलात दोन कांदे उभे चिरून परतावेत. पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, एक ढोबळी मिरची, अख्खी हिरवी मिरची आणि पानओव्याची चार-पाच पाने चुरगळून घालावीत. दोन टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत शिजवावेत. बेटांवर या टप्प्याला चमचाभर टोमॅटो केचप घालतात. त्याने किंचित गोडसर चव येते. आवडत नसेल तर वगळावे.

आता मुख्य जिन्नस. डब्यातली मासळी असेल तर दोन लहान डबे, पाणी किंवा तेल निथळून. ती आधीच शिजलेली असते, त्यामुळे पाच मिनिटे पुरतात आणि फार ढवळली तर भुगा होतो. सुकट असेल तर दीड वाटी. ती आधी तव्यावर कोरडी भाजावी, निवडावी, दोन पाण्यांतून झटपट काढून पिळावी आणि मगच कढईत टाकावी. भाजण्याचा कंटाळा केला तर उग्र वास भातभर पसरतो. सोडे असतील तर १५ मिनिटे गरम पाण्यात भिजवून घ्यावेत.

यानंतर अर्धा लहान कोबी बारीक चिरून घालावा आणि झाकण ठेवावे. हा कोबीच या जेवणाचा खरा खजिनदार. दोघांचे मांस चौघांना पुरते ते त्याच्यामुळे. मीठ अगदी शेवटी, चाखून. मिरची काढावी, लिंबू पिळावे, कांद्याची पात भुरभुरावी आणि भातावर ओतावे.

रविवारी वेळ असेल तर साध्या भाताऐवजी जमैकाचा ‘राइस अँड पीज’ करता येतो. नावात वाटाणा असला तरी त्यात पडतो राजमा किंवा तूर, सोबत नारळाचे दूध. रायगडात याला वाल शोभतो. राजमा असेल तर रात्रभर भिजवून आधी कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो. मोड आणून सोललेले वाल मात्र उलट, भात अर्धा शिजल्यावर टाकावेत, नाहीतर त्यांचे पिठले होते. एक वाटी कडधान्य, एक वाटी नारळाचे दूध, बाकी पाणी, पानओवा आणि वर तीच अख्खी मिरची. कडधान्य असल्यामुळे त्या दिवशी मासळी निम्मी घेतली तरी चालते.

चुलीचे काय?

गॅस नसेल तर चूल चालते. कढई जाड हवी एवढेच. चिरनेरमध्ये सरपणाचा विषय मात्र इतका साधा नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जो जंगल सत्याग्रह झाला, तो लाकूडफाटा आणि चराईवरच्या इंग्रजांच्या बंधनांविरुद्ध होता. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. त्यांत आगरी, कोळी, कातकरी अशा सगळ्या समाजांतली माणसे होती. भात शिजवायला लागणारे लाकूड आपलेच आहे, हे सांगण्यासाठी या गावाने दिलेली किंमत तिथल्या स्मारकावर नावांनिशी कोरलेली आहे.

उरले तर?

उघडलेल्या डब्यात शिल्लक ठेवू नये. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. वीज सारखी जात असेल तर त्याच दिवशी. शिजलेला भात तासभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. पावसाळी दमट हवेत तो लवकर आंबतो. सकाळी उरलेला रस्सा कोरडा परतून तांदळाच्या भाकरीत गुंडाळला तर शेतावर न्यायला सोपा पडतो. बार्बाडोसमध्ये तोच मसाला खाऱ्या बिस्किटांवर घालून खातात.